ताऱ्यांच्या अंगणातली धूळ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. आमच्या भागातल्या माणसाला धूळ काय असते हे वेगळं सांगायला नको. म्हाडाच्या जुन्या इमारती पडतात, त्यांच्या जागी टॉवर उभे राहतात. सकाळी लख्ख पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. अशा वेळी खिडकीतून बाहेर न बघताही आपण ओळखतो, की जवळपास कुठंतरी तोडफोड चालू आहे. धूळ दिसली म्हणजे काम चालू आहे. आजच्या भाषणाचं सगळं सार या एका वाक्यात आहे. फक्त आपल्याला हे वाक्य वर्तकनगरातून उचलून आकाशातल्या ताऱ्यांपर्यंत न्यायचं आहे.

ताऱ्यांभोवतीची धूळ आणि वायू शोधणं हा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतला खगोलशास्त्राचा मोठा उद्योग आहे. तुम्ही म्हणाल, ग्रह शोधावेत, जीवसृष्टी शोधावी. धूळ कशाला शोधायची? तर त्याचं कारण असं, की ग्रह धुळीतूनच जन्माला येतात, आणि ग्रह झाल्यानंतरही त्यांच्या शेजारची धूळच आपल्याला त्यांचा पत्ता देते.

थोडं मागं जाऊ. १७५५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं आणि १७९६ मध्ये फ्रेंच गणिती लाप्लास यानं स्वतंत्रपणे एक कल्पना मांडली होती. सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेनं आणि जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. मग सूर्य जन्मला तेव्हा त्याच्याभोवती वायूची आणि धुळीची एक फिरती चकती असावी, आणि तिच्यातूनच हे ग्रह घडले असावेत. कल्पना सुंदर होती. पण तशी चकती कुणी पाहिलेली नव्हती. जवळजवळ दोनशे वर्षं ती गणितात आणि पुस्तकातच राहिली.

ती प्रत्यक्ष सापडली, तीही अगदी अनपेक्षित रीतीनं. २५ जानेवारी १९८३ रोजी अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून ‘आयरास’ नावाचा उपग्रह सोडला. त्यावरची दुर्बीण जेमतेम ५७ सेंटिमीटर व्यासाची होती. पण ती अवरक्त किरण पाहणारी होती. अवरक्त किरण म्हणजे ज्यांची ऊब आपल्याला जाणवते पण जे डोळ्यांना दिसत नाहीत, ते किरण. तवा लाल व्हायच्या आधीही हाताला त्याची धग लागते, ती याच किरणांची. जमिनीवरून असे किरण पाहणं अवघड असतं. हवेतली वाफ त्यातले बरेचसे गिळून टाकते. शिवाय हवा आणि खुद्द दुर्बीणसुद्धा उबदार असल्यानं त्यांची स्वतःची धग मध्ये येते. म्हणून दुर्बीण अवकाशात न्यायची आणि द्रवरूप हेलियमनं गारेगार ठेवायची.

दुकानात नवा काटा आणला की आधी प्रमाणित वजनं ठेवून तो तपासतात. आयरासच्या शास्त्रज्ञांनीही तेच केलं. त्यांनी प्रमाण म्हणून निवडला अभिजित तारा. तो आपल्यापासून अवघा २५ प्रकाशवर्षं दूर, तेजस्वी आणि खगोलशास्त्रज्ञांच्या कित्येक पिढ्यांनी मोजलेला. त्याच्याकडून किती अवरक्त किरण यायला हवेत याचं गणित पक्कं होतं. पण ६० आणि १०० मायक्रॉन लांबीच्या लहरींमध्ये आकडा कितीतरी पट जास्त येऊ लागला. प्रमाणित वजनच जड भरलं! ऑमन आणि गिलेट या दोन शास्त्रज्ञांनी काटा पुन्हा पुन्हा तपासला. काटा बरोबर होता. जास्तीची ऊब खरोखरच अभिजितकडून येत होती. पण ताऱ्याकडून नव्हे, तर त्याच्याभोवती दूरवर फिरणाऱ्या थंड धुळीकडून. धूळ ताऱ्याच्या उन्हात तापते आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपानं बाहेर टाकते. पुढं याच उपग्रहाला दक्षिणेकडचा फोमलहॉट, म्हणजे आपला मीनास्य, आणि बीटा पिक्टोरिस या ताऱ्यांजवळही अशीच ऊब सापडली.

इथं एक प्रश्न साहजिकच मनात येतो. ग्रह केवढे मोठे, धुळीचा कण केवढा लहान! मग धूळ दिसते आणि ग्रह का दिसत नाहीत? याचं उत्तर आहे पृष्ठभागात. एखादी वीट अखंड असते तेव्हा ती फक्त आपल्यापुरती जागा व्यापते. तीच कुटून तिची पूड केली आणि अंगणात पसरली, तर सगळं अंगण लाल होतं. वस्तू तेवढीच, पण पसारा कितीतरी मोठा. हिशोबच करायचा तर दहा किलोमीटर व्यासाचा एक गोल खडक घ्या आणि त्याचे एकेक मायक्रॉनचे कण करा. त्या सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग मूळ खडकाच्या एक हजार कोटी पट भरतो. जितका पृष्ठभाग मोठा, तितकी ऊब जास्त बाहेर पडते. म्हणून डोंगराएवढा धोंडा आपल्याला दिसत नाही, पण तो फुटला की त्याची धूळ दिसते. आमच्याकडची एखादी इमारत येऊरच्या डोंगरावरून गर्दीत ओळखू येणार नाही. पण ती पाडताना उठलेला लोट मात्र लांबून दिसतो, तसंच.

आता खरी गंमत पुढं आहे. ताऱ्याजवळची धूळ टिकत नाही. अगदी बारीक कण ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबानंच बाहेर ढकलले जातात. थोडे मोठे कण हळूहळू वेग गमावत, घिरट्या घालत ताऱ्याकडे ओढले जातात. फोमलहॉटचं वय सुमारे ४४ कोटी वर्षं आहे. त्याच्या जन्माच्या वेळची धूळ केव्हाच नाहीशी झालेली असणार. तरीही आज तिथं धूळ आहे. म्हणजेच ती ताजी आहे, रोज नवी तयार होते आहे. आपल्याला न दिसणारे लघुग्रह आणि धूमकेतू तिथं एकमेकांवर आदळताहेत, फुटताहेत आणि त्यांचं पीठ होतंय. ही धूळ म्हणजे जन्माच्या वेळचा उरलासुरला केर नव्हे. तिथं आजही घडामोड चालू असल्याची ती पावती आहे.

तेव्हा या तबकड्या दोन प्रकारच्या आहेत हे लक्षात घेऊ. पहिल्या बाळंतघरातल्या. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती जी तबकडी असते तिच्यात सुमारे नव्व्याण्णव टक्के वायू आणि एक टक्का धूळ असते. तिच्यातच ग्रह घडतात. पण या वायूचं आयुष्य थोडं असतं. साधारण तीस ते पन्नास लाख वर्षांत, फार तर कोटीभर वर्षांत तो नाहीसा होतो. माणसाच्या मानानं हा काळ प्रचंड; पण सूर्याचं वय साडेचारशे कोटी वर्षं आहे हे ध्यानात घेतलं, तर ही म्हणजे शंभर वर्षं जगणाऱ्या माणसाची पहिली दोन-तीन महिन्यांची अवस्था. गुरू-शनीसारख्या वायूनं भरलेल्या ग्रहांना एवढ्या वेळातच आपलं पोट भरून घ्यावं लागतं. दुसऱ्या तबकड्या संसाराला लागलेल्या ताऱ्यांच्या, अभिजित आणि फोमलहॉट यांच्यासारख्या. त्यांच्यात वायू जवळजवळ नसतो. असते ती टकरींतून निघालेली धूळ. सूर्यासारख्या ताऱ्यांचा विचार केला तर साधारण पाचांतल्या एकाभोवती अशी धूळ आजच्या उपकरणांना सापडते.

ऊब सापडली, पण तबकडी डोळ्यांना दिसायला हवी ना! अडचण अशी, की तारा झगमगीत आणि धूळ मिणमिणती. रस्त्यावरच्या दिव्याकडे बघताना त्याच्या शेजारचा पतंग दिसत नाही. मग आपण काय करतो? हात आडवा धरून दिवा झाकतो. बर्नार ल्यो या फ्रेंच शास्त्रज्ञानं सूर्याचा प्रभामंडळ पाहण्यासाठी १९३०च्या सुमारास नेमकं असंच उपकरण तयार केलं होतं. १९८४ मध्ये ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेत तीच युक्ती वापरून बीटा पिक्टोरिस हा तारा झाकला. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, कडेनं पाहिलेल्या भाकरीसारखी, एक सरळ रेघ उजळून आली. कांट आणि लाप्लास यांच्या कल्पनेतल्या चकतीसारखी चकती माणसानं पहिल्यांदा पाहिली ती अशी.

हा तारा सुमारे ६३ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचं वय दोनेक कोटी वर्षं आहे. पुढं त्याच्या तबकडीला एका ठिकाणी बाक आलेला दिसला. आतून कुणीतरी वजनदार तिला ओढत असावं असा अंदाज निघाला. आणि २००८ मध्ये खरोखरच तिथं एका प्रचंड ग्रहाची चाहूल लागली. चिलीच्याच अटाकामा वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर ‘आल्मा’ ही ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. तिला २०१४ मध्ये या तबकडीत कार्बन मोनॉक्साइड वायूचा ढग सापडला. हा वायू ताऱ्याच्या प्रकाशात फार काळ तग धरत नाही. म्हणजे तो सतत नव्यानं यायला हवा. हिशोब केला तेव्हा निघालं, की तिथं दर पाच मिनिटांना एक मोठा धूमकेतू पुरता चुराडा होत असला पाहिजे. माझं हे भाषण संपेपर्यंत तिथं तीन धूमकेतू कामी आले असतील!

त्याच २०१४ साली आल्मानं एचएल टौरी या सुमारे ४५० प्रकाशवर्षं दूरच्या कोवळ्या ताऱ्याचं चित्र दिलं. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असाव्यात तशा त्यात गोल गोल खाचा दिसत होत्या. घडणाऱ्या ग्रहांनी आपल्या वाटेवरचा माल गोळा करून या खाचा पाडल्या असाव्यात, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. तारा जेमतेम दहा लाख वर्षांचा, आणि एवढ्यातच घरात ही लगबग.

धूळ जशी खरं सांगते तशी चकवतेही. फोमलहॉटजवळ हबल दुर्बिणीला एक ठिपका सरकताना दिसला. २००८ मध्ये तो ग्रह म्हणून जाहीर झाला, पुढं त्याला नावही मिळालं. पण नंतरच्या चित्रांत तो फिका होत होत दिसेनासा झाला. ग्रह असा विरघळत नाही. २०२० मध्ये दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की तो दोन मोठ्या खडकांच्या टकरीतून उठलेला धुळीचा लोट असावा. त्यावर शंका घेणाऱ्यांनाही विचार करायला लावणारी गोष्ट पुढं घडली. २०२३ मध्ये हबलनं घेतलेल्या चित्रात जवळपास त्याच भागात दुसरा ठिपका उगवलेला सापडला. म्हणजे ग्रह हातचा गेला, पण त्याच्या बदल्यात दोन टकरी डोळ्यांदेखत पाहायला मिळाल्या.

या सगळ्यात आपण कुठं आहोत? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकापासून एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण मोठ्या फुग्याला बांधून हैदराबादहून आकाशात पाठवली आणि तारे जिथं जन्मतात त्या धुळीच्या आणि वायूच्या ढगांचे नकाशे तयार केले. पुढं याच संस्थेनं बनवलेली अवरक्त उपकरणं लडाखमधल्या हानले इथल्या आणि उत्तराखंडातल्या देवस्थळ इथल्या दुर्बिणींवर बसली. कल्याणहून माळशेज घाटानं नारायणगावकडे गेलं की खोडदला जीएमआरटीच्या तीस अवाढव्य थाळ्या दिसतात. पण त्या मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी ऐकतात. धुळीची ऊब त्यांच्या कानावर पडत नाही. त्यासाठी मिलिमीटरच्या लहरी लागतात आणि कोरडी, विरळ हवा लागते. आपल्या सह्याद्रीतला पाऊस पाहता ते इथं जमणारं नाही.

मग वर्तकनगरच्या माणसानं काय करावं? आमच्या आकाशात दिव्यांचा उजेड इतका, की सप्तर्षी शोधतानाही डोळे बारीक करावे लागतात. पण गेल्या काही वर्षांत एक वेगळाच रस्ता खुला झाला. डिसेंबर २००९ मध्ये ‘वाइज’ नावाचा उपग्रह गेला. त्यानं सगळं आकाश अवरक्त किरणांत टिपलं आणि कोट्यवधी ठिपक्यांची यादी तयार झाली. त्यातल्या काही लाख ठिपक्यांपाशी २२ मायक्रॉनच्या लहरींत जास्तीची ऊब आढळत होती. यातल्या प्रत्येकाभोवती तबकडी असेल का? मुळीच नाही. कधी मागं एखादी दीर्घिका असते, कधी दोन तारे एकमेकांना चिकटून दिसतात, कधी वाटेतला एखादा ढग असतो. म्हणजे आधी तांदूळ निवडायला हवेत. हे काम त्या वेळच्या संगणकांना नीट जमत नव्हतं आणि शास्त्रज्ञांना तेवढा वेळ नव्हता.

म्हणून नासाच्या मार्क कुचनर यांनी जानेवारी २०१४ मध्ये ‘डिस्क डिटेक्टिव्ह’ हा उपक्रम सुरू केला. कुणीही इंटरनेटवर जावं, एकेका ठिपक्याची वेगवेगळ्या लहरींत घेतलेली चित्रं एकापाठोपाठ एक पाहावीत आणि साध्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. ठिपका गोल आहे का? लाल वर्तुळाच्या आत दुसरं काही डोकावतं का? चित्र बदलताना तो मधल्या खुणेवरून सरकतो का? पदवी लागत नाही, दुर्बीण लागत नाही, स्वच्छ आकाशही लागत नाही. तांदळातला खडा ओळखणारी नजर आणि थोडी चिकाटी पुरते. एकच चित्र अनेकजण पाहतात, त्यामुळं एखाद्याची नजर चुकली तरी बाकीचे सावरून घेतात.

हे नुसतं मुलांना गुंतवून ठेवणं नव्हतं. २०१६ मध्ये या उपक्रमातून एका लाल बटू ताऱ्याभोवती तबकडी सापडली. तो तारा सुमारे साडेचार कोटी वर्षांचा निघाला. पुढच्या निरीक्षणांत कळलं, की त्याच्यावर अजून वायू ओतला जातो आहे. आत्ताच मी म्हटलं, की वायू फार तर कोटीभर वर्षं टिकतो. इथं तो चौपट वय झालं तरी हटायला तयार नाही! असे आणखी काही तारे मिळाले. कधीच मोठं न होणाऱ्या मुलाच्या गोष्टीवरून २०२० मध्ये त्यांना ‘पीटर पॅन तबकड्या’ हे नाव मिळालं. हे असं का होतं, याचा उलगडा अजून व्हायचा आहे. पण छोट्या लाल ताऱ्यांभोवती ग्रहांना घडायला आपण समजत होतो त्यापेक्षा जास्त सवड मिळत असेल, तर ग्रहांच्या जन्माचं आपलं गणितच नव्यानं मांडावं लागेल. आणि आकाशात सर्वांत जास्त संख्या आहे ती याच छोट्या लाल ताऱ्यांची. या शोधाच्या निबंधांवर व्यावसायिक शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं काही हौशी स्वयंसेवकांची नावं सहलेखक म्हणून छापली गेली.

आपल्याकडेही या वाटेवर पावलं पडली आहेत. डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये ‘रॅड अॅट होम’ हा उपक्रम सुरू केला. त्यात जीएमआरटीनं घेतलेल्या आकाशाच्या रेडिओ चित्रांतून विद्यार्थी आणि हौशी मंडळी नव्या दीर्घिका हुडकतात. विषय वेगळा, पण रीत तीच.

मला पालकांना आणि विशेषतः मुलांना यातली एक गोष्ट सांगायची आहे. अशा कामात दहातली बहुतेक चित्रं ‘नाही’ म्हणून बाजूला पडतात. ते ‘नाही’सुद्धा उपयोगाचं असतं. त्या ठिपक्यावर मोठ्या दुर्बिणीचा मोलाचा वेळ वाया जात नाही. आपल्याकडे विज्ञान म्हणजे एकदम मोठा शोध आणि वर्तमानपत्रात फोटो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ते बरंचसं निवडण-टिपणाचं काम आहे. ते शांतपणे करता आलं, तर मोठ्या शोधाच्या रांगेत आपणही उभे असतो.

कुणी म्हणेल, एवढ्या वयात आता काय? तर एक उदाहरण देते. ‘क्वीन’ हा प्रसिद्ध इंग्लिश वाद्यवृंद तुम्ही ऐकला असेल. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पाचगणीच्या शाळेत शिकला. त्याचा सहकारी, गिटारवादक ब्रायन मे, तरुणपणी आपल्या सूर्यमालेतल्या धुळीवर संशोधन करत होता. संगीतापायी ते अर्धवट राहिलं. तीसहून अधिक वर्षांनी तो त्याकडे परतला आणि २००७ मध्ये त्यानं त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली.

हो, आपल्या सूर्यालाही अशी धुळीची तबकडी आहे, आणि ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये, चंद्र नसलेल्या रात्री, शहरापासून दूर, माळशेजसारख्या ठिकाणी जा. संधिप्रकाश पुरता मावळल्यावर पश्चिमेला क्षितिजातून वर निमुळता होत गेलेला एक फिकट, दुधी पट्टा दिसतो. त्याला राशिप्रकाश म्हणतात. धूमकेतूंनी मागं सोडलेली आणि लघुग्रहांच्या टकरींतून निघालेली ती धूळ आहे, सूर्याच्या उजेडात चमकणारी. अभिजितभोवती कुणी राहत असेल आणि त्याच्याकडे चांगली दुर्बीण असेल, तर याच धुळीवरून तो ताडेल, की या ताऱ्याच्या घरातही काहीतरी चालू आहे.

माळशेजला जाणं जमलं नाही, तर दिवाळीनंतर एखाद्या रात्री आठच्या सुमारास गच्चीवर जा. आमच्याकडून पाहिलं तर वायव्येला, येऊरच्या डोंगराच्या अंगाला, अभिजित उतरणीला लागलेला असतो, आणि दक्षिणेला, आकाशाच्या रिकाम्याशा भागात, फोमलहॉट एकटाच चमकत असतो. दिव्यांच्या झगमगाटातही हे दोघं दिसतात. दोघांचाही जो प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरेल तो पंचवीसेक वर्षांपूर्वी निघालेला आहे. मुलांना ते दोन तारे दाखवा, आणि त्यांच्याभोवती काय फिरतं आहे तेही सांगा.